दुधाला फॅट कुठून येते?



दोन शेजाऱ्यांच्या दोन पंढरपुरी म्हशी. वैरण सारखी, पाणी सारखे. पण संकलन केंद्रावर एकीच्या दुधाला फॅट जास्त लागते, दुसरीच्या कमी. भावही फॅटवरच! मग कुजबुज सुरू होते, 'पाणी घातलं असेल.' असा बोल लावण्याआधी कासेत काय घडते ते पाहू या.

कोठीपोटातले सूक्ष्म जंतू कडब्याचा तंतू आंबवतात. त्यातून ॲसिटिक आम्ल तयार होते, रक्तावाटे कासेत पोचते, आणि तिथल्या पेशी त्यापासून चरबी बनवतात. बाकीची चरबी रक्तातून तयारच येते.

पण चरबी किती करायची, हे कोण ठरवते? आपल्या सोलापुरी चादरीचा जकार्डचा माग आठवा. पुठ्ठ्यावर जशी छिद्रे, तसे चादरीवर फूल. पेशीतही मूळ नक्षी जपून ठेवलेली असते. तिची नक्कल कामावर जाते आणि त्याबरहुकूम प्रथिने विणली जातात. चरबी बनवणारी प्रथिनेही त्यांतलीच. मायक्रो-आरएनए ही सुमारे २२ कड्यांची चिमुकली साखळी त्या नकलेला चिकटते. मग नक्कल वाचली जात नाही, किंवा मोडून जाते. माग चालूच राहतो, पण ते फूल फिके उमटते.

१९९३ साली व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना ही साखळी एका बारीक कृमीत सापडली. २०२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शेळीच्या कासेतील पेशींवर प्रयोग झाले. 'मिर-२७ए' वाढवला की चरबी घटली. 'मिर-१०३' वाढवला की ती वाढली. मात्र हे प्रयोगशाळेतले ज्ञान आहे बरे का! त्याची पुडी आणून म्हशीला चारता येत नाही.

आपल्या हाती आहे ते एवढे : कडब्याची कुट्टी फार बारीक करू नका, पेंडीचा मारा करून वैरण तोडू नका, आणि कास पुरी पिळा. पहिली धार पातळ, शेवटची सायीची. शेवटचे दूध वासराला गेले, तर पाण्याचा थेंब न घालताही फॅट कमीच लागणार.

गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. दोन सारख्या पेल्यांत पहिल्या आणि शेवटच्या धारेचे कच्चे दूध गार जागी रात्रभर ठेवावे. सकाळी मुलांना साय मोजू द्यावी. शेजाऱ्यावरचा संशय तिथेच फिटेल.