पक्ष्यांचे छायाचित्रण : फोकस, फ्लॅश आणि संस्करण

पूर्वी पक्षिशास्त्रज्ञ पक्षी मारून त्याचे कातडे संग्रही ठेवीत. आज पुष्कळदा छायाचित्र हाच नोंदीचा आधार असतो. अर्थात, चांगले छायाचित्र कोणते, या प्रश्नाचा विचार केवळ सौंदर्याच्या दृष्टीने करून भागत नाही. चित्रावरून पक्ष्याची जात निःसंशय ठरविता येते काय, ही त्याची खरी कसोटी होय. जुळे सोलापूरच्या नजीकचा कंबर तलाव आणि शहराच्या उत्तरेस असलेला नान्नजचा गवताळ माळ ही दोन क्षेत्रे या विवेचनासाठी सोयीची आहेत.

प्रथम फोकसचा विचार करू. ४०० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग, ५·६ हे द्वारक आणि पक्षी १० मीटरांवर, असे धरले तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली अवघी २१ सें.मी. भरते. अंतर ५ मीटर झाले की ती सुमारे ५ सें.मी. उरते. तलावाकाठचा बगळा आडवा उभा असेल तर तो बहुतांशी या पट्ट्यात मावतो. परंतु त्याने छायाचित्रकाराकडे तोंड केल्यास चोच व शेपटी दोन्ही स्पष्ट येणे अशक्य. अशा वेळी फोकस डोळ्यावर साधावा, कारण पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. माळावर अडचण निराळी असते. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरू लागते व दूरच्या पक्ष्याची कड विरघळल्यासारखी दिसते. यावर कोणतेही भिंग उपाय करू शकत नाही; सकाळची पहिली वेळ साधणे हाच मार्ग.

फ्लॅशच्या बाबतीत अंतर निर्णायक ठरते. अंतर दुप्पट झाले की पक्ष्यावर पडणारा प्रकाश एक-चतुर्थांश होतो. मार्गदर्शक अंक ४० असलेला फ्लॅश, ५·६ द्वारक व १०० संवेदिता असता, सुमारे ७ मीटरांपर्यंतच पुरतो. झाडाच्या सावलीतील खंड्यावर मंद फ्लॅश टाकल्यास सावली उजळते व डोळ्यात चमक येते. तोच फ्लॅश पूर्ण शक्तीने बगळ्यावर टाकल्यास पिसांचा तपशील पांढऱ्या डागात नाहीसा होतो.

शंभर मीटरांवरील माळढोकासाठी फ्लॅश निरुपयोगी आहे. आणि तो उपयोगी पडावा म्हणून जवळ जाणे घातक आहे. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. ती बिचकून उठली तर ते अंडे ऊन व भक्षक यांच्या हवाली होते. नान्नजसह मोठे क्षेत्र १९७९ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. तरीही २०११ मध्ये या पक्ष्याची गणना जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. आज तो सोलापूरच्या माळावर क्वचितच दृष्टीस पडतो. म्हणून एका चित्रासाठी एका अंड्याचा धोका पत्करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. घरट्याचे स्थान चित्रासोबत नोंदले गेले असल्यास प्रसिद्धीपूर्वी ते काढून टाकावे.

शेवटी संस्करण. हिवाळ्यात या माळावर माँटेग्यूचा भोवत्या व फिकट भोवत्या हे दोन शिकारी पक्षी येतात. त्यांच्या माद्या परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की चेहऱ्याच्या गडद पट्ट्यामागील फिकट कंठपट्टी पाहावी लागते. ती फिकट भोवत्यात ठळक असते. चित्रातील कणीदारपणा घालविण्यासाठी अतिरेकी उपाय योजल्यास नेमकी ही पट्टी पुसली जाते. उलट कडा अति तीक्ष्ण केल्यास नसलेली रेषा उमटते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर अस्पष्ट जागी काल्पनिक पिसे भरू शकतात. चित्र देखणे होते, पण नोंद खोटी ठरते. आणि जेथे पक्षीच विरळ झाले आहेत, तेथे एका खोट्या नोंदीने संरक्षणाचा अंदाज चुकू शकतो.

सबब चौकट कापणे, उजेड व रंग यांचा समतोल साधणे येथवर संस्करणाची मर्यादा मानावी, आणि मूळ चित्र अस्पर्शित जपून ठेवावे. जात ठरविताना शंका उद्भवल्यास निर्णय मूळ चित्रावरूनच व्हावा.