Explainer : एकाच दीर्घिकेची तीन अंतरं? खगोलशास्त्राचा ॲटलास खरा की खोटा, असं तपासा

अमरावती ते अकोला साधारण १०० किलोमीटर. उद्या एखाद्या नकाशात हेच अंतर १५० छापून आलं, तर वऱ्हाडातला माणूस तो नकाशा लगेच बाजूला ठेवेल. पण आकाशातल्या दीर्घिकांचं काय? तिथे मैलाचा दगड नाही. व्हर्लपूल या प्रसिद्ध दीर्घिकेचंच घ्या. तिचं अंतर कुठे २.३ कोटी प्रकाशवर्षं दिसतं, कुठे ३.१ कोटी, तर कुठे ३.७ कोटी. विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता करणाऱ्या विद्यार्थ्याने यातला कोणता आकडा लिहायचा? समजून घेऊया.

अंतर मोजतात कसं?

मुख्य पद्धती तीन आहेत.

पहिली : ठरावीक तेजाचे तारे. बल्ब किती वॅटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर काढता येतं. सेफीड नावाचे तारे आणि म्हातारे लाल राक्षसी तारे असेच उपयोगी पडतात. जवळच्या दीर्घिकांसाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची. चूक साधारण ५ टक्क्यांच्या आसपास राहते.

दुसरी : टली-फिशर पद्धत. सर्पिल दीर्घिका जितक्या वेगाने फिरते, तितकी ती मूळात तेजस्वी असते. यात एकेका दीर्घिकेमागे १५ ते २० टक्के चूक होऊ शकते. म्हणजे अकोल्याला निघालेल्या माणसाला बोरगाव मंजूच्या आसपासच उतरवल्यासारखं!

तिसरी : रेडशिफ्ट. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने दूर जाताना दिसते. पण जवळच्या दीर्घिकांसाठी ही पद्धत फसवी आहे. १ कोटी प्रकाशवर्षांवर प्रसरणाचा वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या जरा वर असतो आणि दीर्घिकेचा स्वतःचा वेगही तेवढाच असू शकतो. देवयानी दीर्घिका तर सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येतेय. या पद्धतीने तिचं अंतर उणे येईल.

मग ॲटलास चुकतात कुठे?

बहुतेक वेळा चूक मोजमापात नसते, गृहीतकात असते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्निअर हातात घेतला की आधी शून्याची चूक बघायला शिकवतात. इथेही तेच. ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांचा ‘निअरबाय गॅलेक्सीज ॲटलास’ १९८७ मध्ये आला. पुढच्या वर्षी आलेल्या टलींच्या सूचीत २,३६७ दीर्घिका होत्या. तिथे विश्वप्रसरणाचा दर ७५ धरला होता. १९८१ च्या सँडेज-टामान यांच्या सूचीत तोच दर ५० होता. परिणाम? रेडशिफ्टवरून काढलेल्या अंतरात जवळपास दीडपट फरक. आज हा दर ७० च्या आसपास मानला जातो.

काळही महत्त्वाचा. १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी देवयानीचं अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं काढलं होतं. आजचा आकडा २५ लाख आहे.

महाराष्ट्रातल्या दुर्बिणीने काय दाखवलं?

नारायणगावजवळच्या खोडद इथे जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर कराचेन्त्सेव्ह यांनी तिच्या मदतीने एनजीसी ३७४१ ही बटू दीर्घिका पाहिली. ती सुमारे १ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. फोटोत ती छोटासा ठिपका दिसते. पण २००५ मध्ये जाहीर झालेल्या या निरीक्षणात तिची हायड्रोजन वायूची तबकडी ताऱ्यांच्या भागापेक्षा ८ पटींहून मोठी निघाली.

मग ॲटलासमधला आकार खोटा का? नाही. पण तो कोणत्या प्रकाशात मोजलाय, हे लिहिलेलं हवं.

एवढी काटेकोरी कशासाठी?

कारण अंतर चुकलं की सगळं गणित चुकतं. अंतरात २० टक्के वाढ झाली की दीर्घिकेचं मूळ तेज ४४ टक्क्यांनी जास्त निघतं.

२०१८ मध्ये एनजीसी १०५२-डीएफ२ या दीर्घिकेत कृष्णद्रव्य जवळपास नाहीच, असा दावा झाला. त्यासाठी अंतर सुमारे ६.५ कोटी प्रकाशवर्षं धरलं होतं. दुसऱ्या गटाने ते ४.२ कोटीच आहे असं मांडलं. तसं असेल तर दीर्घिकेत तारे कमी, आणि दावाच कोसळतो. शेवटी २०२१ मध्ये हबल दुर्बिणीने लाल राक्षसी ताऱ्यांवरून अंतर ७.२ कोटी काढलं आणि दाव्याला बळ मिळालं. सगळा वाद एका आकड्याचा होता!

तुम्ही काय तपासाल?

• वर्ष : माहिती कोणत्या सालची? पुस्तकाच्या आवृत्तीचं साल वेगळं असू शकतं.
• पद्धत : अंतर ताऱ्यांवरून काढलंय की फक्त रेडशिफ्टवरून?
• ± चिन्ह : चुकीची मर्यादा दिली आहे का? ‘२५ लाख’ यापेक्षा ‘२५ लाख, अधिक-उणे १ लाख’ हा आकडा जास्त प्रामाणिक.
• स्थान : निर्देशांक १९५० चे की २००० चे? पृथ्वीचा अक्ष डोलत असल्याने या ५० वर्षांत जागा ०.७ अंशांपर्यंत सरकते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त. दुर्बिणीत दीर्घिका सापडणारच नाही.
• पडताळणी : ‘नासा/आयपॅक एक्स्ट्रागॅलॅक्टिक डेटाबेस’ मोबाइलवर मोफत उघडतो. एकाच दीर्घिकेची आजवर मोजलेली अंतरं तिथे पद्धतीसह मिळतात.

तर मग व्हर्लपूलचं अंतर किती?

हबल दुर्बिणीने लाल राक्षसी ताऱ्यांवरून केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार सुमारे २.८ कोटी प्रकाशवर्षं. तक्त्यावर हा आकडा लिहा, पण शेजारी साल आणि पद्धतही लिहा. परीक्षकाने विचारलं तर उत्तर तयार असेल.

आणि नोव्हेंबरच्या अमावास्येला चिखलदऱ्याला गेलात, तर संध्याकाळनंतर डोक्यावर नजर टाका. देवयानी दीर्घिका तिथे नुसत्या डोळ्यांनी धूसर डागासारखी दिसते. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. अधिक-उणे १ लाख.