थोडक्यात लिहा, पण कळेल असे लिहा

पुण्याला शिकायला गेलेल्या एखाद्या मुलाच्या मोबाईलवर घरून निरोप येतो. आधी इंग्रजी 'जे' हे अक्षर, त्याला चिकटून एकाचा आकडा आणि पुढे 'झालं का?' आजोबांना हा निरोप दाखवला, तर ते म्हणतील, हे काय गणित आहे बाबा? गणित सोपं आहे. एकाला इंग्रजीत 'वन' म्हणतात. म्हणजे जे आणि वन मिळून झालं 'जेवन'! आपल्या मराठवाड्याच्या बोलीला तर तो 'न'सुद्धा परका नाही.

ही तऱ्हा मुलांनी इंग्रजीवरून उचलली. तिकडे 'ग्रेट' लिहिताना जी, आर आणि आठाचा आकडा टाकतात, कारण आठाला 'एट' म्हणतात. आता इंग्रजी बुडाली, अशी ओरड तिकडेही झाली. पण भाषा एवढ्यानं बुडत नाही. 'ओ एम जी' ही तीन अक्षरे ब्रिटिश ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलना १९१७ साली लिहिलेल्या पत्रातच सापडतात, आणि २०११ साली ऑक्सफर्डच्या कोशाने त्यांना जागा दिली. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातील संशोधकांनी दहा ते बारा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. अशी तोडकी रूपे अधिक वापरणारी मुले वाचनात मागे पडलेली दिसली नाहीत. उलट काहीशी पुढेच दिसली. त्यात नवल नाही. शब्दाचा उच्चार नीट ठाऊक असल्याशिवाय तो तोडता कसा येणार?

आणि आपण तरी काय करत आलो? 'चि.', 'सौ.', 'सा. न. वि. वि.', 'ता. क.' यांवाचून आपलं जुनं पत्र पुरं होत नसे. 'मु. पो. किल्लारी, ता. औसा, जि. लातूर' हा पत्ता पाहा. यातला 'ता.' औसा या नावापुढे तालुका होतो आणि आकड्यापुढे तारीख. तरी कुणाचा घोटाळा होत नाही, कारण रीत लिहिणाऱ्याला ठाऊक आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक. संक्षेपाचं सारं मर्म इथंच आहे. तारेचंही तसंच होतं. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस मोजून शब्द घाली. ती तारसेवा आपल्या देशात २०१३ च्या जुलैत बंद झाली.

मोबाईलच्या निरोपालाही अशीच मोजणी होती. इंग्रजी लिपीत एका निरोपात १६० अक्षरे मावत. देवनागरीत मात्र ७० च. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाई. 'किल्लारी' एवढ्या शब्दाला आठ जागा लागत! शिवाय पुष्कळ जुन्या फोनांत मराठी अक्षरेच नसत. तेव्हा लोक मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहू लागले.

खरा तोटा झाला तो इथं. एम, ए, एल, ए अशी चार अक्षरे आली, तर ती 'मला' वाचायची, 'मळा' की 'माळा'? के, ए, एल म्हणजे काल, काळ की कळ? बी, ए, आय, एल 'आजारी आहे, लवकर या' असा निरोप आला, तर बैल आजारी की बाईल, हे पाहुण्यानं कसं ओळखावं? 'ळ' आणि 'ण' यांना त्या लिपीत स्वतंत्र घरच नाही.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हे, हे किल्लारीकरांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा कुणाच्या हाती मोबाईल नव्हता. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. आज जमीन जरा हलली की घटकेत निरोप धावतात. 'किल्लारीत धक्का, आज रात्री' एवढंच लिहिलं, तर किल्लारी जुनी की नवी? रात्र कोणती? तोच निरोप दोन दिवसांनी कुणी पुढे ढकलला, तर 'आज' म्हणजे कोणता दिवस? भीती तेवढी पोहोचते, माहिती पोहोचत नाही.

तेव्हा गुरुजनहो, मुलांना 'जे'पुढच्या एकाबद्दल रागावू नका. फळ्यावर तो निरोप लिहा आणि विचारा: हाच निरोप आजीला कसा लिहाल? ग्रामपंचायतीच्या अर्जात कसा लिहाल? एकाच मजकुराची तीन रूपे मुलं करू लागली, की कुठं काय शोभतं, हे त्यांना आपोआप उमगेल. आता फोनांत देवनागरी आहे, बोललेलं उमटतंही. जुनी अडचण राहिलेली नाही, राहिली आहे ती सवय.

मित्राशी हवं तसं लिहा. पण ज्या निरोपावर कुणाचं औषध, पैसा किंवा जीव अवलंबून आहे, त्यात नाव, गाव, तारीख, वेळ पुरी लिहा. आणि मराठी मराठीतच लिहा. चार अक्षरं जास्त गेली, तर गेली.