वाळवीचा सुगावा : सेन्सर नेमकं काय ओळखतो?



आज आपण एका अशा कीटकाबद्दल बोलणार आहोत, जो आपल्या शाळेत आणि घरात असतो, पण दिसत नाही. कुणी त्याला वाळवी म्हणतं, कुणी उधई, तर कुणी दिमक. मारेगाव परिसरात वाळवी माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पण ती लागली हे बहुतेक वेळा कधी कळतं? चौकटीवर हात टेकवला आणि बोट आत गेलं, तेव्हा. म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर. त्याआधी कळावं म्हणून जगात काही इलेक्ट्रॉनिक उपकरणं तयार झाली आहेत. ती कशी काम करतात, त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा आणि आपल्या वर्गात त्यातलं काय करून बघता येईल, ते या लेखात पाहू.

शाळेला याची गरज काय?

दार-खिडकी गेली तर नवी बसवता येते. पण शाळेच्या अलमारीत एक वस्तू अशी असते की ती गेली तर पुन्हा मिळत नाही. ती म्हणजे जुनं दाखल-खारीज रजिस्टर.

जात वैधता प्रमाणपत्र काढताना मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. अनुसूचित जमातीसाठी हा दिनांक ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आपल्या भागात कोलाम, गोंड, परधान कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. आजोबा किंवा पणजोबा कधीकाळी शाळेत गेले असतील, तर त्यांच्या नावापुढची ती एक ओळ आजच्या नातवाच्या प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी मोठा आधार असते. वाळवीला मात्र ते रजिस्टर म्हणजे फक्त सेल्युलोज. म्हणून वाळवी लवकर ओळखणं हे आपल्यासाठी फक्त विज्ञानाचं कुतूहल नाही.

वाळवी दिसत का नाही?

वाळवीला लोक 'पांढरी मुंगी' म्हणतात, पण ती मुंगी नाही. शास्त्रज्ञ आता तिला झुरळाच्या गणात धरतात. तिचं अंग मऊ असतं, उन्हात आणि कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती उघड्यावर येत नाही. जमिनीतून निघून मातीच्या नळ्या बांधत, त्यांच्या आतून चालते. लाकूड खाताना वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. बाहेरून रंग चकचकीत, आत पोकळ.

आपली काळी माती तिला मदतच करते. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे फरशीला आणि भिंतीला बारीक भेगा पडतात आणि वाळवीला तेवढी फट पुरते. लोखंडी अलमारी घेतली म्हणजे काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. वाळवी लोखंड खात नाही हे खरं, पण त्यावरून मातीची नळी बांधत चढते आणि मागच्या फटीतून आत जाते.

मुलांना वाळवी वेगळी शिकवावी लागत नाही. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा सडा पडतो, तो वाळवीच्याच पंखवाल्या पिढीचा. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या ज्यांनी खाल्ल्या, त्यांनी वाळवीच्या शेतीचं पीक खाल्लं. काही जातींची वाळवी वारुळात बुरशी वाढवते आणि त्याच बुरशीची ही अळंबी. रानातलं मेलेलं लाकूड, पालापाचोळा मातीत मिसळण्याचं मोठं काम वाळवी करते. ती सगळीकडे शत्रू नाही. प्रश्न ती घरात आणि रजिस्टरात शिरते तेव्हाचा आहे.

सेन्सर वाळवी पाहत नाही, तिची खूण पकडतो

सेन्सर म्हणजे संवेदक. ही गोष्ट आधी पक्की समजून घेऊ : कोणताही संवेदक 'ही वाळवी आहे' असं ओळखत नाही. वाळवीमुळे आजूबाजूला जो बदल होतो, त्यातला एखादा बदल तो मोजतो. हे बदल पाच प्रकारचे आहेत.

१. आवाज. वाळवी लाकडाचे तंतू तोडते तेव्हा बारीक कंप तयार होतात. त्यांचा बराच भाग आपल्याला ऐकू येणाऱ्या २० ते २०,००० हर्ट्झच्या पलीकडे, म्हणजे श्राव्यातीत असतो. यासाठीचे अनेक सेन्सर ६०,००० हर्ट्झच्या आसपासचे कंप टिपतात. त्यात पिझो स्फटिक असतो. पिझो म्हणजे दाब पडला की वीज निर्माण करणारा पदार्थ. आपल्या गॅस लायटरमध्ये 'टक्' करून ठिणगी पडते, ती याच गुणामुळे. सेन्सर लाकडाला चिकटवून ठेवतात, कारण कंप हवेपेक्षा लाकडातून चांगले पोचतात. हे मुलांना लगेच दाखवता येतं. एकाने बाकाला कान लावायचा, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडायचं. मग कान उचलून पुन्हा ऐकायचं.

वाळवी स्वतःही कंपांच्या भाषेत बोलते. धोका जाणवला की सैनिक वाळव्या डोकं आपटून इशारा देतात. आफ्रिकेतल्या एका जातीत हे ठोके सेकंदाला सुमारे ११ असतात. वाळव्यांमधले असे इशारे टिपणाऱ्या यंत्राची माहिती इमर्सन आणि सिम्पसन यांनी १९२९ सालीच 'सायन्स' या नियतकालिकात दिली होती. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की लाकूड मोठं आहे की लहान, हेसुद्धा वाळवी कंपांवरून ओळखते. सुतार लाकूड ठोकून पोकळ आवाज ऐकतो, त्याचीच ही पुढची पायरी समजा.

२. हालचाल. ऑस्ट्रेलियात टर्माट्रॅक नावाचं हातात धरायचं रडार वापरतात. त्यातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी भिंतीच्या आत जातात. आत काही हलत असेल तर परतणाऱ्या लहरींत फरक पडतो. गाड्यांचा वेग मोजणाऱ्या पोलिसांच्या यंत्राचं तत्त्वही हेच. मात्र यंत्र अजिबात हलता कामा नये. भिंतीपलीकडून कुणी चाललं किंवा जवळ पंखा फिरत असला, तरी ते फसू शकतं.

३. ओलावा आणि उष्णता. वाळवी स्वतःबरोबर ओल आणते. कोरडं लाकूड विजेचं दुर्वाहक असतं, पण ओल वाढली की त्याचा रोध कमी होतो. ओलावा मापकाच्या दोन सुया लाकडात टोचून हेच मोजतात. उष्णता दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा भिंतीच्या तापमानातला फरक रंगांत दाखवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि भिंत दिवसभर तापलेली असते. अशा वेळी बारीक फरक ओळखणं कठीण. शिवाय गळकं छप्पर आणि फुटलेला नळही ओलच दाखवतात.

४. वायू. वाळवीच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज पचवताना मिथेन तयार करतात. तिच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बंद पोकळीत हे वायू साठले तर वायू-सेन्सर ते ओळखतो. उघड्या, हवेशीर जागेत मात्र वायू विरून जातात आणि सेन्सरला काही मिळत नाही.

५. तुटलेलं सर्किट. ही पद्धत सगळ्यांत सोपी आणि शिकवायला सगळ्यांत चांगली. १९९५ साली अमेरिकेत सेन्ट्रीकॉन ही आमिष पद्धत बाजारात आली. तिच्यामागे फ्लोरिडा विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ नान-याओ सू यांचं संशोधन होतं. घराभोवती जमिनीत नळकांडी पुरायची, आत वाळवीला आवडेल असं खाद्य ठेवायचं. वाळवी आली की तिला कात टाकू न देणारं औषध असलेलं आमिष द्यायचं. ते ती वारुळापर्यंत नेते. पण प्रत्येक नळकांडं उघडून बघणं फार कष्टाचं. म्हणून पुढे त्यात वीजवाहक रेघ असलेली पट्टी आली. वाळवीने पट्टी खाल्ली की रेघ तुटते, सर्किट तुटतं आणि वरून यंत्र धरलं की झाकण न उघडता कळतं.

यात एक बारकावा आहे. 'दिवा लागला तर धोका' अशी रचना केली आणि सेल संपला, तर दिवा लागणारच नाही आणि आपण निर्धास्त राहू. 'सर्किट तुटलं तर धोका' या रचनेत सेल संपला किंवा तार निघाली, तरी यंत्र 'गडबड आहे' असंच सांगतं. आपण जाऊन बघतो. धोक्याची सूचना देणारं यंत्र कसं असावं, हे मुलांशी बोलायला उत्तम उदाहरण आहे.

वर्गातला प्रयोग

साहित्य : जाड कागदाची पट्टी, गडद ६बी पेन्सिल, दोन क्लिपा लावलेल्या तारा, मल्टिमीटर, कात्री.

कृती : पट्टीवर १० सेंमी लांब आणि १ सेंमी रुंद पट्टा पेन्सिलने दाबून, पुन्हा पुन्हा काळा करा. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीजवाहक असतं. दोन्ही टोकांना क्लिपा लावा आणि मल्टिमीटर किलोओहमच्या टप्प्यावर ठेवून रोध लिहून घ्या. आता कात्री म्हणजे वाळवी. बाजूने थोडं कापा, रोध पुन्हा लिहा. आणखी कापा. पट्टा अरुंद होईल तसा रोध वाढतो. पूर्ण कापला की मीटर 'सर्किट तुटलं' अशी खूण दाखवतो.

नववीच्या 'धाराविद्युत' या पाठाला हा प्रयोग सहज जोडता येतो. मुलांना आलेख काढायला सांगा. मग विचारा, ही पट्टी ओल्या मातीत पुरली तर काय होईल? ओली मातीही थोडी वीज वाहून नेते, त्यामुळे तुटलेली रेघही जोडलेली वाटू शकते. मग पट्टी कोरडी कशी ठेवायची? इथून पुढे मुलं स्वतः उपाय सुचवू लागतात, आणि तोच खरा विज्ञान प्रकल्प.

यंत्र 'नाही' म्हणालं तर?

यंत्राने 'आहे' म्हटलं तर जागा तपासायची. पण 'नाही' म्हटलं तर वाळवी नाहीच, असं समजू नका. वाळवीला धक्का लागला की ती काही वेळ शांत बसते. लाकडातला आवाज फार दूर जात नाही. नळकांडं फक्त त्याच्याकडे आलेल्या वाळवीबद्दल सांगतं, बाजूने गेलेल्या वाळवीबद्दल नाही. म्हणून जाणकार तपासनीस एकाच खुणेवर थांबत नाही. ओल, आवाज, हालचाल अशा दोन-तीन खुणा जुळल्या, तरच निष्कर्ष काढतो.

पालकांसाठी एक सूचना. वाळवी ओळखणारं यंत्र वेगळं आणि 'प्लगला लावा, कीटक पळवा' म्हणून विकलं जाणारं श्राव्यातीत यंत्र वेगळं. अशा पळवणाऱ्या यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार लागतो, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती. मोबाइलचंही तसंच. त्याचा मायक्रोफोन माणसाचा आवाज टिपायला बनवलेला आहे, ६०,००० हर्ट्झचे कंप नाही.

आज, पैसे न खर्चता

महागडी यंत्रं प्रत्येक शाळेत येणार नाहीत. पण त्यांच्यामागचा विचार आजच वापरता येतो : खुणा शोधा, आणि ठरलेल्या दिवशी शोधा.

- महिन्यातून एक दिवस ठरवा. चौकटी ठोकून बघा, अलमारीच्या मागे आणि खाली टॉर्च मारा.
- मातीची नळी दिसली तर लगेच सगळी खरडू नका. छोटा तुकडा मोडा आणि दुसऱ्या दिवशी बघा. नळी दुरुस्त झाली असेल तर आत जिवंत वाळवी नक्की आहे. दुरुस्त झाली नाही, तरी पाहणी सुरूच ठेवा.
- अलमारी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. खालच्या कप्प्यात जुनी रजिस्टरं नकोत.
- भिंतीला टेकवून पऱ्हाटी, तुऱ्हाटी, जळतण रचू नका. छताची गळती पावसाळ्याआधी बुजवा.
- जुन्या दाखल-खारीज रजिस्टरचं प्रत्येक पान स्कॅन करून दोन ठिकाणी जतन करा. मूळ रजिस्टर मात्र जपायचंच, कारण पडताळणीत तेच मागतात.
- रजिस्टरला वाळवी लागलीच, तर ते झटकू किंवा उन्हात टाकू नका. सावलीत सुकवा, मऊ ब्रशने माती काढा. कागदावर विषारी औषध मारू नका. मुख्याध्यापकांनी लेखी नोंद करून वरिष्ठ कार्यालयाला कळवावं.

औषधाबद्दल आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शाळेत तर लहान मुलं दिवसभर बसतात. इमारतीतल्या वाळवी नियंत्रणासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. काम प्रशिक्षित माणसाकडून, सुट्टीच्या काळात करून घ्यावं. वाळवी नेमकी कुठे आहे हे आधी कळलं, तर विष तेवढ्याच जागी आणि तेवढंच लागतं. लवकर ओळखण्याचा हा सगळ्यांत मोठा फायदा.

मुलांना विचारण्यासाठी

१. वाळवीच्या पाच खुणांपैकी तुमच्या घरात कोणती खूण यंत्राशिवाय ओळखता येईल?
२. भिंतीवर ओल दिसली. ती वाळवीची की गळतीची, हे कसं ठरवाल?
३. शाळेतलं सर्वांत जुनं रजिस्टर कोणत्या सालचं आहे? ते कुठे आणि कसं ठेवलं आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपणही, शिक्षकांनी आणि पालकांनी, याच आठवड्यात शोधून ठेवूया.