रिकाम्या खुर्चीला गारवा कशाला?

मी कवितेचा माणूस. बी.ए.च्या पुढे शिकलो नाही. तरी नवी मुंबईत राहणाऱ्याला विजेचा विषय टाळता येत नाही. रात्री दहानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याने या. काचेच्या इमारतींचे मजलेच्या मजले उजळलेले दिसतील. काही ठिकाणी रात्रपाळी असते, ते रास्तच. पण काही मजल्यांवर नुसत्या खुर्च्या असतात. आपल्याला वीज देते महावितरण आणि तिच्यात कोराडी, चंद्रपूरच्या कोळशाचा वाटा मोठा आहे. दिवा इथे जळतो, राख तिकडे विदर्भात पडते.

यावर उपाय आहे. इमारतीचा सगळा कारभार एका संगणकावरून चालवायचा. तंत्रज्ञ त्याला 'बीएमएस' म्हणतात. खोलीत कोणी आहे का, तापमान किती, हे सेन्सर सांगतात. संगणक त्याप्रमाणे दिवे, पंखे, वातानुकूलन कमीजास्त करतो. चांगला तबलजी गायकाकडे पाहून ठेका धरतो, तसंच हे.

खरी बचत पंख्यात आणि पंपात आहे. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला, तर वीज पाचव्या हिश्शाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने कमी लागते. म्हणून यंत्र पूर्ण वेगाने चालू-बंद करण्यापेक्षा गरजेपुरतं फिरवणं स्वस्त पडतं. शिवाय आपली हवा दमट. बाहेरची हवा आत घेतली की तिच्यातलं पाणी काढण्यातच बरीच वीज खर्च होते. आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर असेल, तर माणसं जितकी, तितकीच ताजी हवा आत येते.

आपल्याकडे कायदाही आहे. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला, 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. मोठ्या इमारतीत दिवे आपोआप बंद होण्याची सोय हवी, असं ती सांगते. हवामानानुसार बदल करून ती लागू करण्याचं काम राज्यांचं. 2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही या चौकटीत आणण्याची वाट मोकळी केली.

पण यंत्र बसवलं म्हणजे काम संपलं, असं नाही. आमच्या ओळखीचा एक तरुण एका व्यापारी संकुलात इलेक्ट्रिशियन आहे. तो म्हणाला, "चाचा, बैठकीत हात न हलवता बसलं की दिवे जायचे. लोक वैतागले. शेवटी सेन्सरवर चिकटपट्टी लावली." सेन्सरची वेळ पाच मिनिटांनी वाढवली असती, तर भागलं असतं. पण ते कुणाचं काम, हेच ठरलेलं नव्हतं. यंत्राची देखभाल करणारा, त्याचे आकडे दर महिन्याला वाचणारा माणूस नेमला नाही, तर लाखोंची प्रणाली शोभेची वस्तू होते.

आपल्या हाती काय? ब्यूरोच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच 2020 पासून नवे घरगुती एसी 24 अंशांवरच सुरू होतात. अनेक कार्यालयांत मात्र मुली मे महिन्यात शाल पांघरून काम करतात. गारव्यासाठी पैसे मोजायचे आणि त्याच गारव्यापासून वाचायला शाल विकत घ्यायची! उद्या कार्यालयात गेलात, की एवढं विचारा: आपल्या मजल्याचं तापमान कोण ठरवतं, आणि रात्री दिवे कोण मालवतं?