गुहेतून गावात

कोल्हापूरचा वीकएण्ड म्हटला की आपला प्लॅन ठरलेला असतो. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, जमलंच तर पन्हाळा आणि निघताना चपलांचा एक जोड. या वेळी थोडा बदल करा. पुण्याहून येत असाल तर तावडे हॉटेलजवळ शहरात वळूच नका. हायवेनं तसंच पुढं या, उचगावचा पूल ओलांडा आणि कागलच्या दिशेनं निघा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या पुढं कणेरीचा सिद्धगिरी मठ आहे. त्याच्या आवारात सात एकरांवर एक अख्खं गाव वसलंय आणि त्यातला एकही माणूस जागचा हलत नाही!

हे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. २००७ मध्ये ते उभं राहिलं. मठाचे २७ वे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांची ही कल्पना: गांधीजींच्या मनातलं स्वयंपूर्ण खेडं डोळ्यांना दिसेल असं मांडायचं. लोक सर्रास ‘वॅक्स म्युझियम’ म्हणतात, पण हे पुतळे मेणाचे नाहीत, सिमेंटचे आहेत. म्हणून तर ऊन-पाऊस खात उघड्यावर उभे राहू शकतात. सुमारे ८० देखावे आणि ३०० पुतळे आहेत.

सुरुवात होते ती मात्र गुहेनं. माणसानंच बांधलेली गुहा, पण आत शिरल्यावर बाहेरचा उजेड आणि उकाडा एकदम तुटतो. अर्धवट अंधारात पतंजली, कणाद असे ऋषी आपापल्या कामात गढून बसलेत. तिथून बाहेर पडलात की थेट गावात. इथं एक गोष्ट मला टोचली. गुहेतल्या प्रत्येकाला नाव आहे. गावातल्या माणसाची ओळख मात्र त्याच्या धंद्यापुरती. हा कुंभार, तो लोहार, हा न्हावी.

बाकी काम अफलातून आहे. नांगर धरलेल्या हाताच्या शिरा, म्हातारीच्या गळ्याची सैल कातडी, विहिरीवरच्या बायकांच्या नऊवारीचा पडलेला ओचा. पुतळ्यांपेक्षा मला बघ्यांचीच जास्त मजा वाटली. जात्यापाशी एक आजी नातवाला समजावत होत्या, “ह्ये बघ, असं दळायचं. पहाटं चारला उठून.”

“मग झोपायचीस कधी?”

“झोपतंय कोण!”

आजी हसल्या आणि पुढच्या देखाव्याकडं निघाल्या. त्यांचा मुलगा तोवर मोबाइलवर जात्याचा फोटो काढत होता. संग्रहालयानं काय दाखवलं आणि काय राहिलं, ते त्या दोन वाक्यांत मला जास्त कळलं.

कारण इथं कुणी दमलेलं नाही. घाण्यावरचा तेली प्रसन्न, चांभार प्रसन्न. बारा बलुतेदार आपापल्या जागी बसलेत, जणू आवडीनं निवडलेला जॉब. बलुतं म्हणजे काय, ते आपल्या पिढीनं शाळेत चार मार्कांपुरतं वाचलं. वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा. कागदावर छान वाटतं. पण काम जन्मानं ठरलेलं. राजीनामा नाही, दुसरी ऑफर नाही. आणि ज्यांच्या वाट्याला सगळ्यात हलकी कामं, त्यांची घरं वेशीबाहेर. ती वेस सिमेंटमध्ये कशी दाखवणार?

गंमत म्हणजे हे गाव उभं आहे ते कोल्हापूर संस्थानाच्या मातीत. याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बलुतेदारीची सक्ती मोडली आणि त्याच वर्षी महार वतनं रद्द केली. दोन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, इथल्याच माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना आपलं नेतृत्व म्हणून लोकांपुढं आणलं. पुढं ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याचं कौतुक करायला साफ नकार दिला. घटनेनं खेडं नाही, व्यक्ती हा पाया मानला, याचं त्यांना समाधान होतं. कणेरीत गांधीजींचं खेडं बघताना हा दुसरा आवाजही कानात असू द्या. नाहीतर आपण ‘हाऊ क्यूट’ म्हणून बाहेर पडतो.

ही भानगड फक्त आपलीच नाही. इटलीत मातेरा नावाचं शहर आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहायची, एकाच खोलीत कुटुंब, खेचर आणि कोंबड्या. सरकारला त्याची लाज वाटली आणि १९५२ मध्ये कायदा करून सुमारे १५ हजार लोकांना नव्या घरांत हलवलं. १९९३ मध्ये त्याच गुहा जागतिक वारसा ठरल्या. आता तिथल्या एका गुहेत जुना पलंग आणि भांडी मांडून संग्रहालय केलंय. शेजारच्या गुहांमध्ये महागडी हॉटेलं! गरिबी राहायला नको असते, बघायला मात्र तिकीट काढून चालते.

कणेरीतल्या सिमेंटच्या लोहाराजवळ उभं राहून मी विचार करत होते, याचे वारसदार कुठं गेले? लांब नाही. हायवेपलीकडं गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये आजही लोखंड ओतलं जातं, फक्त भात्याऐवजी भट्टी आणि बलुत्याऐवजी पगार. चांभाराची गोष्ट तर आणखी भारी. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नाव सुरुवातीला घेतलंच नाही. इथं संताप उसळला तेव्हा कंपनीनं उगम मान्य केला. कारागीर निनावी ठेवायची सवय फक्त खेड्यालाच होती असं नाही.

आणि उचगाव? ते खरंखुरं गाव, पण बघायला कुणी थांबत नाही. कोल्हापूर महापालिका १९७२ ची, आणि हद्दवाढीचा विषय निघाला की या गावाचं नाव यादीत हमखास असतं. गावानंही विरोध करायचा सोडलेला नाही. अपार्टमेंट्स आणि शोरूम्स वाढताहेत, पण आपलं गावपण कुणी परस्पर मिटवू नये, हा हट्ट कायम. मला तो हट्ट ३०० पुतळ्यांपेक्षा जिवंत वाटतो.

कणेरीला दोन-तीन तास पुरतात. टोपी आणि पाणी न्या, चालणं बरंच आहे. आणि गुहेनं खरंच नादावलं असेल तर जोतिबाच्या डोंगराकडं पोहाळ्याची लेणी गाठा. ही बौद्ध लेणी आहेत, कातळात खोदलेली. विहारात भिक्खूंच्या राहण्याच्या छोट्या खोल्या आहेत, आपल्या पीजीतल्या खोलीपेक्षाही लहान. पुतळे नाहीत, देखावे नाहीत. माझ्याबरोबर कॉलेजची चार पोरं होती, दोघं एका खोलीत मापं घेत बसले होते, इथं सिंगल कॉट मावेल का म्हणून. उजेड असतानाच जा, आणि बरोबर टॉर्च ठेवा.