निरोप व्हाया बंगळुरू

लेक लग्न होऊन नाशिकला गेली आणि वर्षभरात मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला. ‘आता काय बाई, तुम्ही मोकळ्या!’ असं आळीतल्या बायका म्हणू लागल्या. मोकळी कुठली? कितीतरी दिवस हात सवयीनं चौघांचेच तांदूळ घ्यायचा, आणि सकाळी आम्ही दोघं फोडणीचा भात खायचो. मग छोटा कुकर आणला, दूध निम्मं केलं. स्वयंपाकाचं माप बसलं. बोलण्याचं काही बसेना.

मुलं घरात होती तेव्हा आमचं बोलणं त्यांच्यावरूनच चालायचं. फी, क्लास, लेकीसाठी आलेलं स्थळ. हे निवृत्त झाले आणि दिवसभर घरात दोन माणसं, तरी टीव्हीचाच आवाज. रात्री व्हिडिओ कॉल लागला की मात्र हे लेकीला सांगायचे, ‘‘आईचा गुडघा दुखतोय, तिला म्हणावं डॉक्टरांना दाखव.’’ मी शेजारीच बसलेली! मीसुद्धा मुलाला, ‘‘बाबांना सांग रे, बीपीची गोळी चुकवू नका.’’ कराडातल्या दोन खुर्च्यांमधला निरोप बंगळुरूवरून फिरून यायचा. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच चालतं ना?

शेवटी लेकच वैतागली. ‘‘अगं आई, बाबा समोर आहेत, तूच सांग की!’’

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही प्रीतिसंगमावर जायला लागलो. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथं, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ. पहिले आठ दिवस हे दहा पावलं पुढं आणि मी मागं. नवव्या दिवशी माझा गुडघा धरला म्हणून बसलो, आणि यांनी पाटणच्या बदलीतली गोष्ट काढली. खोलीवर एकटे असताना भाकरी जमेना, म्हणून सहा महिने रात्री चहा-पावावर काढले म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे ठाऊकच नव्हतं! मीही मग मनातलं बोलून टाकलं, ‘‘मुलांचा डबा सुटला, तुमच्या दिवसाच्या चार चहांतून मी कधी सुटणार?’’ आता दुपारचा चहा हे करतात. साखर फार घालतात, पण मी गप्प पिते.

कधी एसटीनं कोल्हापूरलाही जाऊन येतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय. यांना सवलतीसाठी पासष्ट पूर्ण व्हायला अजून चार वर्षं आहेत, त्यामुळं कंडक्टरसमोर मी जरा ऐटीतच असते.

मुलगा म्हणतो, घर बंद करा आणि इकडंच या. यांना जावंसं वाटतं, मला नाही. तिथं माझी आळी कुठून आणू? यावर आमचं रोज वाजतं. पण वाजतं ते आमच्या दोघांत.

परवा गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे नंबर यांनीच लावला, सोबतही आले. लेकीला ते चार दिवसांनी कळलं.